साडूचा डिमांड झोन

मागणी आणि पुरवठा या विषयात अख्ख्या पेडणे तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो! मी उच्च माध्यमिकात अर्थशास्त्र शिकवतो. डोळे मिटून फळ्यावर दोन रेषा ओढल्या तरी त्या बरोबर मधोमध एकमेकींना छेदतात. माझे विद्यार्थी आज बँकेत आहेत, पंचायतीत आहेत, एक तर थेट सचिवालयात आहे. बाजारात मी दिसलो की रस्ता ओलांडून पलीकडे जातात, पण ते आदरापोटी.

तर अशा माणसाला मागणी-पुरवठा कुणी शिकवावा? गौरेशने!

गौरेश म्हणजे माझा साडू. माझी बायको पद्मावती, तिची धाकटी बहीण सिद्धी, आणि सिद्धीचा नवरा हा गौरेश. डिचोलीचा. त्याचे खाणीवर ट्रक चालायचे. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले, टायरांना वेल चढले. आम्हाला वाटलं, आता हा बसला! खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं होतं मला. फार नाही, पण वाटलं होतं. आणि या पठ्ठ्याने काय करावं? ट्रक विकले, शेअर बाजारात शिरला आणि वर्ष-दीड वर्षात नवी पांढरी गाडी दारात आणून उभी केली. गाडी कसली, पार्सेच्या वाटेने आली की दोन्ही बाजूंच्या कुंपणांना अंग चोरून उभं राहावं लागतं!

पार्सेला आमची सासुरवाडी. काजूचा हंगाम आटोपला की सासरे, म्हणजे शांतारामबाबा, दोन्ही जावयांना जेवायला बोलावतात. मी मोठा जावई. वीस वर्षं त्या घरात अर्थव्यवस्थेवर जे काय बोलायचं ते मी बोलतो आणि बाकीचे जेवतात, अशी पद्धत आहे. यंदा मी महागाईवर तोंड उघडणार, एवढ्यात बाबांनी पलीकडे मान वळवली.

"गौरेशा, त्या मार्केटात तू नेमका करतंस तरी काय रे?"

"सोपं आहे, बाबा," गौरेश बोटं चाटत म्हणाला. "डिमांड आणि सप्लाय!"

माझा घास हातातच राहिला. डिमांड आणि सप्लाय! माझ्यासमोर! म्हणजे पोदेराच्या भट्टीपुढे उभं राहून पोदेरालाच पाव कसा भाजावा ते सांगण्यातला प्रकार!

"समजा, म्हापशाच्या मासळी बाजारात इसवणाचा भाव उतरत उतरत एका जागी आला," गौरेश सांगू लागला, "आणि तिथे सगळे असे तुटून पडले की भाव एकदम वर उडाला. म्हणजे काय? त्या भावाला घेणारे बसलेत. सगळ्यांना तेव्हा मिळालं नाही, ते वाट बघतायत. तो झाला डिमांड झोन! भाव पुन्हा तिथवर खाली आला की आपण आधीच पिशवी घेऊन उभं राहायचं. शेअरचंही तसंच."

"व्वा!" बाबा म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी मला 'व्वा' म्हटलेलं नाही. मला ते 'हूं' म्हणतात.

"अरे गौरेश," मी घसा साफ केला. "त्याला वक्र म्हणतात. मागणी वक्र. झोन-बिन असं काही शास्त्रात नसतं."

"भावोजी, तुमचं ते पुस्तकातलं," तो हसून म्हणाला. "हे बाजारातलं."

सगळे हसले! बाबा हसले, सिद्धी हसली. ते एक वेळ चालेल. पण पद्मावती? जिच्याशी मी अग्निसाक्ष लग्न केलं ती पद्मावती पदर तोंडाला लावून हसली! वर बाबांनी इसवणाची मधली, जाडजूड तुकडी आपल्या हाताने गौरेशच्या ताटात वाढली. मला शेपटीकडची आली. तिरफळ दाताखाली आल्यावर जीभ बधिर होते ना, तसं माझं सगळं अंग बधिर झालं.

परत येताना मोटरसायकलवर मागून पद्मावती म्हणाली, "सिद्धीची गाडी आत कसली गार आहे हो! बसल्याबरोबर डोळे मिटतात."

"झोपायचंच असेल तर घरी खाट आहे," मी म्हणालो.

"मी कुठे गाडी मागतेय? मला माझी स्कूटर घेतली की पुरे."

तिच्या स्कूटरचंही सांगायला हवं. पद्मावती पार्सेलाच बालवाडीत शिकवते. रोज सकाळी बससाठी धावपळ. म्हणून तिने पगारातून बाजूला टाकून टाकून स्कूटरपुरते पैसे जमवले होते आणि विश्वासाने माझ्या खात्यात ठेवले होते. रंगसुद्धा ठरला होता. आंब्याच्या कोवळ्या पानासारखा.

पण त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढे स्कूटर नव्हती. गाडी होती. गौरेशच्या गाडीहून वीतभर लांब!

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. झोन म्हणजे काय ते मोबाइलवर बघितलं. एक दाढीवाला गृहस्थ भराभर चौकोन काढून दाखवायचा. भाव जिथून उसळला तिथे चौकोन. भाव तिथे परत आला की घ्यायचं. चौकोनाला पूर्वी कुणी हात लावलेला नसेल तर तो ताजा झोन, त्यात दम जास्त. हात लागत गेला की दम कमी. आणि भाव चौकोनाच्या खाली गेलाच तर मुकाट्याने विकून बाहेर पडायचं, त्याला म्हणतात स्टॉपलॉस. पहिले तीन मुद्दे मी वहीत उतरवून घेतले. चौथा सोडून दिला. तो ज्यांचं चुकतं त्यांच्यासाठी होता.

आता प्रश्न एवढाच, की शेअर कुठला घ्यायचा?

तो प्रश्न पद्मावतीने सोडवला. दुपारी जेवणं, भांडी आवरली की या दोघी बहिणी फोनवर बसतात. पेडणे ते डिचोली असा बातम्यांचा पाट तासभर वाहत असतो. फोन ठेवून पद्मावती माझ्याकडे आली.

"सिद्धी सांगत होती, गौरेशचा त्या नभनेत्रवर डोळा आहे."

मी कान टवकारले. नभनेत्र टेक्नॉलॉजीज! संगणकाचं काहीतरी बनवणारी कंपनी. काय बनवते ते मला माहीत नाही, पण तिचा शेअर गेल्या वर्षी आभाळाला टेकला होता आणि आता खाली येत होता. माडावरून नारळ काढणारा पाडेली उतरतो तसा नव्हे, नारळ उतरतो तसा!

"डोळा आहे म्हणजे? घेतोय?"

"असेल. दिवसभर तेच बघत बसलेला असतो म्हणे."

म्हणजे घेणार! घेणारच! पण त्याच्याआधी मी घेतला तर? मी चार्ट उघडला. आणि वाचकहो, काय सांगू! पडत पडत शेअर अगदी एका जुन्या उसळीच्या तोंडाशी आला होता. मी पट्टी लावून चौकोन काढला. हात न लागलेला चौकोन!

"ताजा आहे!" मी ओरडलो. "एकदम ताजा! अजून जरासा खाली आला की घेऊन टाकायचा!"

पद्मावती स्वयंपाकघरातून टोपली घेऊन धावत बाहेर आली. "कुठे आहे? पापलेट की बांगडे?"

"अगं, मासे नव्हेत! झोन! झोन ताजा आहे!"

तिने टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "तोंड धुवा तुम्ही."

शेअर चौकोनात आला आणि मी घेतला. स्कूटरच्या सगळ्या पैशांचा. पद्मावतीला सांगितलं ते असं: "तुझे पैसे मी कामाला लावलेत. स्कूटर तर येईलच, वर दुसरं काय येईल ते बघच."

तिला आधी धक्का बसला. मग ती विचारात पडली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला, कारण तिला दुपारच्या फोनची आठवण झाली.

"सिद्धे, ऐकलंस?" मी आतल्या खोलीतून कान देऊन होतो. "आमच्या ह्यांनी तो नभनेत्र घेतला! हो गो, कालच. ते अर्थशास्त्रातले ना, त्यांना आधी कळतं! गौरेशला सांग हां. भरपूर घेतलाय म्हणावं."

भरपूर हा शब्द तिने पदरचा घातला होता. पण मी काही तो खोडायला गेलो नाही. छाती अशी फुगली होती की सदऱ्याचं बटण ताणलं गेलं. जळू दे! आता डिचोलीत जळू दे!

चार दिवसांनी शेअर माझ्या चौकोनाच्या तळाशी आला. तिथून उसळणार म्हणून मी मोबाइल हातात धरून बसलो. तुम्ही कधी पेडण्याच्या थांब्यावर भरलेल्या बसला हात केलाय? ती जरा हळू झाल्यासारखी वाटते, आपण पिशवी उचलतो, आणि ती धूळ उडवून पुढे निघून जाते. तस्सा शेअर खाली गेला! माझ्याकडे न बघता गेला!

विकावं की काय? मी बोट पुढे केलंसुद्धा. तेवढ्यात पद्मावती आली.

"सिद्धीचा फोन होता. गौरेशनेसुद्धा घेतला नभनेत्र."

"कधी?"

"आज सकाळी. म्हणाला, आता थांबण्यात अर्थ नाही. चांगला घसघशीत घेतलाय म्हणे."

पहिल्यांदा मला हायसं वाटलं. गौरेश घेतोय म्हणजे काळजी नाही! तो बाजारातला माणूस! पण दुसऱ्याच क्षणी ते हायसं आंबलं. सकाळी घेतला म्हणजे माझ्यापेक्षा स्वस्तात घेतला! मी महाग घेतला आणि त्याने स्वस्त! म्हणजे शेअर वर गेला की याला फायदा जास्त, आणि बाबा पुन्हा 'व्वा' म्हणणार ते यालाच! हे कसं सहन करायचं?

मी खाली दुसरा चौकोन शोधला. शोधला की सापडतोच. गणपतीच्या सुट्टीत मी माझ्या नावावर सोसायटीत एक ठेव ठेवली होती, ती पद्मावतीला न सांगता मोडली. सांगायचं होतं, पण गाडी दारात आल्यावर एकदमच सांगावं असा विचार केला.

आता ठेवीचे पैसे हातात आले नेमकी त्याच दुपारी आमच्या शाळेत शिक्षकांची सभा होती. आमच्या मुख्याध्यापिका सुमंगलामॅडम सभा घेतात तेव्हा माशीसुद्धा परवानगी काढून उडते. मी शेवटच्या बाकावर, टेबलाखाली मोबाइल. शेअर चौकोनाच्या अगदी वर लोंबकळत होता. तिकडे मॅडम काहीतरी बोलत होत्या.

"मुलांचं नुकसान होतंय. रविवारचे जादा वर्ग घ्यायलाच हवेत. कोण घेणार?"

सगळे आपापल्या नखांकडे बघू लागले. इकडे शेअर सुळकन चौकोनात शिरला!

"घे! घे! घे!" मी स्वतःलाच म्हणत होतो. मनात म्हणत होतो अशी माझी समजूत. बटण दाबलं, खरेदी झाली आणि माझ्या तोंडून निघालं, "घेतला! घेतला एकदाचा!"

मी वर बघितलं. सुमंगलामॅडम माझ्याकडे बघत होत्या. डोळ्यांत पाणी!

"बघा," त्या म्हणाल्या. "याला म्हणतात तळमळ. गोकुळदाससर, तुम्ही एकटे घ्याल सगळे?"

"म्हणजे... मॅडम..."

टाळ्या! सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या खेळाच्या शंभूसरांनी. त्यांचा रविवार वाचला होता.

संध्याकाळी पद्मावतीने बहिणीला सांगितलं, "ह्यांनी आणखी घेतला!" आणखी म्हणजे किती, ते तिला माहीत नव्हतं; स्कूटरच्या पैशांतलंच काही उरलं असेल असं तिला वाटलं. दोन दिवसांनी सिद्धीने उलट सांगितलं, "गौरेशनेही आणखी घेतला!" ते ऐकून मी पगार झाल्या दिवशी आणखी थोडा घेतला. त्यावर गौरेशने घेतला. नभनेत्र मात्र आमच्याकडे लक्ष न देता खाली चालला होता. त्या कंपनीचं कुणी बडं गिऱ्हाईक सोडून गेलं, अशी बातमी पेपरात आली. मी ती वाचली नाही. दाढीवाला म्हणायचा, बातम्या बघू नका, चार्ट बघा. चार्ट बघितला तर तो भिरंड, म्हणजे पिकलं कोकम, पिळल्यासारखा लालभडक.

माझे हाल कुणाला सांगू? रविवारी जादा वर्ग. बाकीचे दिवस चौकोन. चौकोनाच्या खाली चौकोन, त्याच्या खाली चौकोन. माझा चार्ट चिऱ्यांच्या भिंतीसारखा दिसू लागला. वर्गात मागणीची रेषा काढायला गेलो तर खडू आपोआप खाली घसरायचा. आणि या सगळ्यात मनाला ठसठसत होतं ते नुकसान नव्हे, बरं का! ठसठसत होतं ते हे, की गौरेश स्वस्थ असणार. त्याने स्वस्तात घेतलाय. त्याला ठाऊक असणार शेअर कुठून फिरणार ते. तो तिकडे गार गाडीत बसून शीळ घालत असणार!

आणि मग एका रविवारी जादा वर्ग आटोपून घरी आलो तर दारात पांढरी गाडी! म्हणजे दारात नव्हे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, एक चाक गटाराच्या कडेला.

मिरवायला आला! मी परस्पर मागच्या दाराने आत शिरलो, इस्त्रीचा सदरा घातला, चेहऱ्यावर फायदा झालेल्या माणसाचं हसू आणलं आणि पुढच्या ओट्यावर, बाल्कावात गेलो. गौरेश बाकावर बसला होता. त्याच्याही अंगावर कडक इस्त्रीचा सदरा. त्याच्याही चेहऱ्यावर हसू. सिद्धी आणि पद्मावती समोरासमोर, दोघींच्या माना ताठ.

"काय भावोजी, एकदम मजेत?"

"एकदम! तू?"

"मी तर काय!"

चहा आला. चहाबरोबर पद्मावतीने काजू ठेवले, तेही अख्खे, एरवी पाहुण्यांना आम्ही फाकी देतो.

"मग, नभनेत्र काय म्हणतोय?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"म्हणेल काय? आहे आपला झोनमध्ये. तुम्हाला काय वाटतं, भावोजी?"

"मला? मला ठीक वाटतं. तुला कसं वाटतं?"

"तुम्हाला ठीक वाटतं ना? मग मलाही ठीकच."

"तसं नव्हे, तुला स्वतःला कसं वाटतं?"

"पण तुमचं काय मत?"

असं बराच वेळ चाललं. दोन माणसं एका दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत अडकतात तसे आम्ही त्या शेअरच्या दारात अडकलो होतो. शेवटी पद्मावती कंटाळली.

"अहो, ते झोन राहू द्या. विकायचा कधी ते सांगा. शोरूमवाल्याचा परत फोन आला होता. तो रंग संपत आलाय म्हणतो."

गौरेशने कप खाली ठेवला. बशीत ठेवायला गेला, पण कप बाकावर बसला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं आणि खालून एक वेगळाच चेहरा बाहेर आला. तो चेहरा मी ओळखला. रोज सकाळी दाढी करताना आरशात बघत होतो मी तो!

"भावोजी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "खरं सांगा. वर येणार ना तो? मला झोप नाही हो. तुम्ही घेतला म्हणून मी घेतला."

"काय?"

"मी नुसता बघत होतो. मला तो पसंतच नव्हता. झोनबिन सगळे तुटलेले. हात लावणार नव्हतो मी! पण सिद्धी म्हणाली, भावोजींनी भरपूर घेतला. म्हटलं, अर्थशास्त्राचा माणूस, वीस वर्षं शिकवतोय, याला आतलं काहीतरी दिसलं असणार! आपल्याला चार्टवर दिसत नाही ते यांना पुस्तकात दिसलं! आपण मागे राहायचं आणि यांनी गाडी आणायची? म्हणून घेतला."

माझ्या कानात शिट्टी वाजली.

"अरे माणसा! मी तू घेतोस म्हणून घेतला!"

"मी कुठे घेत होतो?"

"तुझा डोळा होता ना त्याच्यावर!"

"डोळा होता म्हणजे बघत होतो!"

आम्ही दोघांनी एकदम बायकांकडे बघितलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

"तूच म्हणालीस डोळा आहे," पद्मावती म्हणाली.

"आणि तू म्हणालीस भरपूर घेतला!"

"तू घसघशीत म्हणालीस!"

"तू आणखी म्हणालीस, मग मी काय गप्प बसू?"

म्हणजे झालं होतं ते असं, वाचकहो! त्या चौकोनात देशातले बडे बडे खरेदीदार थैल्या घेऊन दबा धरून बसलेत अशी माझी समजूत होती. तिथे बसलो होतो आम्ही दोघेच! एक पेडण्याचा, एक डिचोलीचा. मागणी आमची दोघांची आणि पुरवठा उरलेल्या हिंदुस्थानचा!

मग गौरेश माझ्याजवळ सरकला आणि माझ्या कानात त्याने आपल्या नुकसानीचा आकडा सांगितला.

आता मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही मला नावं ठेवाल. पण तो आकडा ऐकून माझ्या अंगावरून मोगऱ्याचं पाणी शिंपडल्यासारखा गारवा गेला! इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच! तो मार्केटातला माणूस आणि हा त्याचा आकडा!

"आणि तुमचं, भावोजी?"

माझं त्याच्याहून जास्त होतं. चांगलंच जास्त होतं. पण पद्मावती समोर बसलेली, ठेवीचा तिला पत्ता नाही, आणि शिवाय जिंकायची अशी संधी आयुष्यात किती वेळा येते? मी फक्त स्कूटरच्या पैशांतलं काय गेलं तेवढंच सांगितलं.

"फक्त एवढंच?" गौरेशचे डोळे विस्फारले. "भावोजी, सांभाळून खेळलात हां!"

"शास्त्र असतं त्याला," मी म्हणालो.

सोमवारी बाजार उघडल्याबरोबर आम्ही दोघांनी फोनवर एक, दोन, तीन म्हणून एकदम विकून टाकलं. गौरेशची गाडी त्या महिन्यातच गेली, आता तो दुसऱ्या कुणाच्या तरी मालाची वाहतूक बघतो. पद्मावती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शोरूमवाल्याला शांतपणे फोन करून सांगितलं की रंग आवडला नाही. आणि मला सांगितलं की आजपासून मला बालवाडीत तुम्ही सोडायचं. रोज. शाळेआधी.

तेव्हापासून मी रोज सकाळी पद्मावतीला मागे बसवून पार्सेला जातो. कितीतरी दिवस ती वाटेत अवाक्षर बोलत नसे. गेल्या आठवड्यात मात्र अचानक बोलली.

"काल बाबांकडे गेले होते."

"हं?" मला बरं वाटलं. बोलली तरी!

"बाबा गौरेशचंच बोलत होते. एवढं मोठं नुकसान सोसलं पोराने, पण तोंडावर रेघ दाखवली नाही. आधी गाडी विकून मोकळा झाला. म्हणाले, एवढा गमवायला पण छाती लागता."

मोटरसायकल आपोआप हळू झाली.

"असं म्हणाले?"

"हो. व्वा म्हणाले." ती पुढे म्हणाली. "तुमचं आपलं स्कूटरपुरतं."

स्कूटरपुरतं! नफ्यात तो पुढे, मान्य. गाडीत तो पुढे, मान्य. पण बुडण्यातसुद्धा हाच पुढे? आणि तेही खोटंच? माझ्या डोक्यात अशी काही सणक गेली की पुढचा मागचा विचार राहिलाच नाही.

"कुणी सांगितलं स्कूटरपुरतं?" मी जवळजवळ ओरडलो. "गौरेशची काय मिजास आहे? माझी सोसायटीतली ठेव गेली सगळी! पगारातले घातले ते वेगळेच! त्याच्या दीडपट आहे माझं! दीडपट!"

माझ्या खांद्यावरचा तिचा हात निघाला.

"गाडी थांबवा," पद्मावती म्हणाली.

मी थांबवली. ती उतरली, हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि चालायला लागली. मी मोटरसायकल ढकलत तिच्या मागे मागे. "अगं, ऐक तरी! मी सांगणारच होतो! मला फक्त बाबांना..."

तिने पर्समधून फोन काढला. आता बहिणीला सांगून रडणार, मग बहीण बाबांना सांगणार, मग बाबा पार्सेहून चालत येणार!

"सिद्धे," तिचा आवाज कडक होता, "मला सांग, तुमचं नेमकं किती गेलं म्हणालीस?"

ती ऐकत राहिली. तिने मान जराशी ताठ केली.

"बस? एवढंच?" ती म्हणाली. "मग ऐक आता आमचं!"

एवढ्यात मागून बस आली. पद्मावतीने हात केला, ती थांबली, आणि फोन कानाला तसाच धरून ती चढूनही गेली. खिडकीतून तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता. मी मोटरसायकल रस्त्याच्या कडेला लावली, माझंही हेल्मेट काढलं आणि दोन्ही हेल्मेटं हातात घेऊन उभा राहिलो. ती मला आता घरात घेणार की नाही हे ठाऊक नव्हतं; पण बाबा हे ऐकल्यावर काय म्हणतील, याचीच मला जास्त उत्सुकता लागली होती.